खाटेवरचे दिवस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कविता लिहिणाऱ्या माणसानं गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर बोलावं, हे तुम्हाला थोडं विचित्र वाटेल. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालो आहे, तोही मराठी घेऊन. पण माझ्या आईचे, आमच्या अम्माचे, दोन्ही गुडघे बदललेले आहेत. एक २००३ साली, दुसरा २०१८ साली. पहिल्या वेळी ती ६१ वर्षांची होती आणि रुग्णालयात १६ दिवस राहिली. दुसऱ्या वेळी ७६ वर्षांची होती आणि ४ दिवसांत घरी आली. वय पंधरा वर्षांनी वाढलं आणि मुक्काम बारा दिवसांनी घटला. हे कसं झालं, हे शोधायला म्हणून मी वाचायला बसलो. वाचता वाचता माझ्याच एका चुकीपाशी येऊन पोचलो. ती चूकही आज सांगणार आहे.

आम्ही इचलकरंजीचे. अब्बा यंत्रमागावर होते. अम्मा घरी कांड्या भरायची. जमिनीवर बसून, एक पाय दुमडून, वर्षानुवर्षं. त्याशिवाय पाच वेळची नमाज, भांडी, धुणं, चूल, सगळं जमिनीलगतच. पन्नाशीत तिचे गुडघे बोलायला लागले. साठीला तिला संडासातून उठताना दाराची कडी धरावी लागायची. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, जून २००१ मध्ये उजव्या. त्या करणारे डॉ. चित्तरंजन राणावत मध्य प्रदेशात जन्मलेले, इंदूरला शिकलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेले. त्या बातम्यांनंतर ‘वाटी बदलणं’ हा शब्द आमच्या गल्लीत पोचला. तोवर गुडघेदुखी म्हणजे तेल, शेक आणि नशीब, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

पण ही कथा वाजपेयींपासून सुरू होत नाही. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या शल्यविशारदानं क्षयानं खाल्लेल्या गुडघ्याच्या जागी हस्तिदंताचा सांधा बसवला होता. कल्पना बरोबर होती, पण जंतूंनी ती हाणून पाडली. ज्या सांध्यात आधीच क्षयाचा संसर्ग, तिथे बाहेरची वस्तू टिकणार कशी? पुढे अनेकांनी काच, धातू, अॅक्रिलिक वापरून पाहिलं. खऱ्या अर्थानं यश आलं ते इंग्लंडमध्ये, लँकेशायर परगण्यात, विगन गावाजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात. हे मुळात क्षयरुग्णालय. आपल्याकडे सांगली-मिरजेच्या मध्ये वॉनलेसवाडीला होतं, त्या जातीचं. क्षयावर औषधं निघाली, खाटा रिकाम्या होऊ लागल्या आणि जॉन चार्नली या डॉक्टरांना तिथे खुब्याच्या सांध्यासाठी जागा मिळाली.

चार्नली हा विलक्षण माणूस. असं सांगतात, की अॅक्रिलिकचा खुबा बसवलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. चालताना त्याचा सांधा असा करकरायचा की बायको वैतागायची. आपण असतो तर हसलो असतो. चार्नली विचारात पडले. करकर म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे झीज. मग त्यांनी कमी घर्षणाचा सांधा करायचं मनावर घेतलं. धातूचा लहानसा गोळा आणि त्याला टेफ्लॉनची वाटी. रुग्ण आनंदानं चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुकटीनं आजूबाजूचं हाड खराब केलं. जवळजवळ ३०० रुग्णांचे सांधे असे वाया गेले. चार्नलींनी ही भुकटी शरीरात काय करते हे पाहायला ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली होती, आणि बिघडलेल्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचं ओझंही त्यांनी स्वतःवरच घेतलं.

पुढची गोष्ट वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. १९६२ च्या मे महिन्यात चार्नलींच्या कार्यशाळेतले तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांच्याकडे एक विक्रेता आला. त्याच्याकडे एका नव्या, टणक प्लॅस्टिकचा तुकडा होता, उच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. हे प्लॅस्टिक कशासाठी वापरत? लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागांच्या दात्यांच्या चाकांसाठी! चार्नलींनी तुकड्याला नखानं दाबून पाहिलं आणि यात काही अर्थ नाही म्हणून परदेशी निघून गेले. क्रेवननं तरी तो झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. चार्नली परत आल्यावर पाहतात तर तीन आठवड्यांत जेवढी झीज झाली होती, तेवढीसुद्धा टेफ्लॉननं एका दिवसात ठेवली नसती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या प्लॅस्टिकची पहिली वाटी माणसाच्या खुब्यात बसली. माझे अब्बा ज्या मागाच्या खडखडाटात बहिरे झाले, त्या मागाच्या चाकाचा भाऊबंद पुढे अम्माच्या गुडघ्यात आला. हे कळलं तेव्हा अब्बा हयात नव्हते. त्यांना सांगायला फार आवडलं असतं.

चार्नलींकडे काम केलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस धातू आणि प्लॅस्टिकची ही जोडी गुडघ्यात नेली. पुढे १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, राणावत आणि वॉकर यांच्या गटानं जो गुडघा बसवायला सुरुवात केली, त्याचीच वंशावळ आजच्या बहुतेक गुडघ्यांत चालू आहे.

म्हणजे सांधा कसा करायचा, हे साधारण पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं. मग प्रश्न असा, की सांधा तोच, तर रुग्णालयातला मुक्काम एकेकाळी तीन-तीन आठवड्यांचा का असायचा आणि आता तीन-चार दिवसांवर कसा आला?

याचं पहिलं उत्तर जंतूंचं. चार्नलींच्या सुरुवातीच्या रुग्णांत शंभरातल्या सातेकांना जखमेत संसर्ग व्हायचा. नव्या सांध्यात पू झाला की मुक्काम आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावा लागतो. चार्नलींनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती एक बंदिस्त खोलीच उभी केली. तीत गाळलेली हवा वरून खाली सोडायची, डॉक्टरांनी अंगभर झाकणारे झगे घालायचे. काही वर्षांत संसर्गाचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं. यात हवेचा वाटा किती आणि इतर काळजीचा किती, यावर वाद झाला. सुमारे ८ हजार शस्त्रक्रियांची पाहणी १९८२ साली प्रसिद्ध झाली. स्वच्छ हवेचा फायदा तीत दिसला आणि प्रतिजैविकांचाही. चार्नली त्याच वर्षी वारले.

दुसरं उत्तर जास्त अवघड आहे, कारण ते आपल्या मनातल्या एका जुन्या समजुतीशी भांडतं. आजाऱ्यानं पडून राहावं, ही ती समजूत. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे हाडांचे मोठे जाणकार. दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, अशी त्यांची शिकवण. क्षयाच्या सांध्यांसाठी त्या काळात ती योग्यच होती. पण ती पुढे सगळ्याच आजारांना लागू झाली. १९४७ साली लंडनच्या डॉ. रिचर्ड अॅशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये खाटेवर पडून राहण्याचे धोके एकेका अवयवाप्रमाणे मोजून दाखवले. फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू वाळतात, सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात, आणि मनही खचतं. लेख गाजला, पण सवय काही एका लेखानं जात नाही.

आता २००३ सालाकडे येतो. अम्माला मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे जखमेतून रक्त काढायची नळी, लघवीची नळी, सलाईन, असा सगळा पसारा तिच्या अंगाला जोडलेला होता. पाय आपोआप वाकवणारं एक यंत्रही खाटेवर आणून ठेवलं होतं, त्याचं भाडं वेगळं. (२०१४ साली साऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा या यंत्राचा उपयोग फारच थोडा असल्याचं दिसलं.) तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली. वॉकर पुढे ठेवून म्हणाली, ‘‘चला आजी, उभं राहायचं.’’ अम्मा जेमतेम बसती झाली आणि तिला गरगरलं. चेहरा पांढराफटक. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या मुलीला म्हणालो, ‘‘ताई, आज राहू द्या. उद्या बघू.’’

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी रविवार होता, ती मुलगी आलीच नाही. मला वाटत होतं, आयुष्यभर ही बाई कधी पडून राहिली नाही. आता तरी राहू दे. मी तिच्या उशाशी बसून पेपर वाचून दाखवत होतो, मोसंबी सोलत होतो. आपण आईची सेवा करतोय, असं मनात होतं. आठव्या दिवशी तिची पोटरी सुजली. गुठळीची शंका आली. तपासण्या झाल्या, रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. तिचं रक्तही कमी भरलं, दोन बाटल्या चढवल्या. आठ दिवसांचा मुक्काम सोळा दिवसांवर गेला. आणि गुडघा? तो काटकोनापर्यंत कसाबसा वाकायचा, त्यापुढे नाही. जिना ती शेवटपर्यंत एकेक पायरी करूनच चढली. गुठळी त्या तीन दिवसांमुळेच झाली असं छातीठोक सांगता येणार नाही. तशी ती चालणाऱ्यांनाही होते. पण धोका मी वाढवला, हे खरं. डॉक्टरांनी मला कधी बोल लावला नाही. अम्मानंही नाही. ती सगळ्यांना सांगायची, ‘‘बेटेने बहुत खिदमत करी.’’ ते ऐकलं की आजही मला खाली बघावंसं वाटतं.

याच सुमारास डेन्मार्कमध्ये हेन्रिक केलेट नावाचे शल्यविशारद एक साधा प्रश्न विचारत होते. आज हा रुग्ण रुग्णालयात का आहे? नव्वदच्या दशकात त्यांनी तो आतड्याच्या शस्त्रक्रियांबाबत विचारला. पुढे हेन्रिक हुस्टेड या अस्थिशल्यविशारदांच्या साथीनं खुबा आणि गुडघ्याबाबत विचारला. ‘पद्धतच तशी आहे’ हे उत्तर त्यांना चालत नव्हतं. दुखतंय म्हणून? मग दुखणं असं थांबवा की गुंगी येणार नाही. चक्कर येते म्हणून? मग ती का येते ते शोधा. रक्त कमी आहे म्हणून? मग ते आधीच का नाही पाहिलं? फिजिओथेरपिस्टची किंवा एक्स-रेची वाट पाहतोय म्हणून? मग हा आजार रुग्णाचा नाही, रुग्णालयाचा आहे.

त्यांनी ७१२ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. मुक्काम कशानं लांबतो? रुग्णाचं वय, तो स्त्री आहे की पुरुष, इतर आजार, आधीपासून काठी लागत होती का, शस्त्रक्रियेआधीचं आणि नंतरचं हिमोग्लोबिन, रक्त चढवावं लागलं का, आणि शस्त्रक्रियेनंतर किती वेळानं त्याला उभं केलं. या यादीत आणखी एक गोष्ट होती. रुग्ण विवाहित आहे की एकटा. म्हणजे घरी कोण आहे, हासुद्धा वैद्यकीय प्रश्न ठरला. यातलं वय आपल्या हातात नाही. पण रक्त, उभं राहण्याची वेळ आणि घर, हे तिन्ही हातात आहेत. डेन्मार्कमध्ये २००० साली हा मुक्काम सरासरी १० ते ११ दिवसांचा होता. २००९ साली तो सुमारे ४ दिवसांवर आला. यात रुग्णांना घाई करून घालवलं नाही. आधी सगळं नीट केलं, म्हणून ते लवकर गेले.

यात इतरांचीही मदत झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या केर आणि कोहान या डॉक्टरांनी सांध्याच्या आजूबाजूलाच बधिर करणारं औषध टोचायची रीत २००८ साली मांडली. त्यांचे बरेच रुग्ण काही तासांत चालले आणि एका रात्रीच्या मुक्कामानंतर घरी गेले. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ साली पुढे आणलं होतं. चार्नलींच्या प्लॅस्टिकचंच वर्ष! ते स्वस्त औषध सांधेबदलात सर्रास वापरलं जायला मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षं गेली.

एक बाजू मात्र लपवू नये. मुक्काम पैशानंही कमी होतो. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यानं १९८३ पासून आजारागणिक ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. रुग्ण पाच दिवस राहो की पंधरा, पैसे तेवढेच. साहजिकच रुग्णालयांना दिवस कमी करण्यात रस निर्माण झाला. आपल्याकडचं ‘पॅकेज’ त्याच जातीचं आहे. म्हणून तुम्हाला लवकर घरी पाठवत असतील तर ते तयारी झाली म्हणून की खाट हवी म्हणून, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुखणं गोळ्यांनी आटोक्यात आहे, स्वतः उठून संडासाला जाता येतं, जखम कोरडी आहे, तर घरी जायला हरकत नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना चार दिवस जास्त लागले, तर त्यात कमीपणा नाही. दिवस मोजायची ही शर्यत नव्हे.

२०१८ साली दुसऱ्या गुडघ्याची वेळ आली. आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, केंद्र सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली होती. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी दीड लाखाच्या वर विकला जायचा, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. नाहीतर आम्ही दुसऱ्या गुडघ्याचा विचारही केला नसता.

या वेळी सगळंच वेगळं होतं. डॉक्टरांनी महिनाभर आधी बोलावलं. हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. ‘‘हे आधी वर आणू, मग तारीख,’’ म्हणाले. साखर तपासली, दात तपासायला सांगितले. फिजिओथेरपिस्टनं शस्त्रक्रियेच्या आधीच अम्माला वॉकर धरून चालायला शिकवलं. मग डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आजी, घरी कोण कोण असतं? संडास कसला आहे? झोपायची खोली वर की खाली?’’ २००३ साली हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. मी घरी येऊन कमोड बसवून घेतला, भिंतीला दांडी लावली, अम्माची खाट खालच्या खोलीत आणली, अंगणातली चटई गुंडाळून ठेवली. माझी बायको आणि धाकटी बहीण यांनी दिवस वाटून घेतले.

सकाळी शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी मुलगी वॉकर घेऊन आली. अम्मानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात तेच शब्द आले होते, ‘आज राहू द्या.’ ते गिळून मी म्हणालो, ‘‘अम्मा, उठ. मी धरतो.’’ ती उठली. खाटेपासून दारापर्यंत सहा पावलं. दुखलं असणार, तिनं ओठ आवळले होते. चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. ७६ वर्षांच्या बाईचा हा नवा गुडघा, १५ वर्षांपूर्वीच्या गुडघ्यापेक्षा जास्त वाकायला लागला. जमिनीवर बसायला डॉक्टरांनी मनाईच केली होती, त्यामुळे नमाज ती खुर्चीवरच पढते. पण अंगणातल्या तुळतुळीत फरशीवरून मोगऱ्याला पाणी घालायला रोज सकाळी स्वतः जाते.

श्रोतेहो, तुमच्या घरी कुणाचा सांधा बदलायचा असेल, तर सांधा कोणत्या कंपनीचा हे जरूर विचारा. पण त्याबरोबर रक्त किती आहे ते विचारा, पहिल्यांदा उभं कधी करणार ते विचारा, आणि आपल्या घराच्या संडासाकडे, पायऱ्यांकडे एकदा नीट बघून घ्या. आणि उभं करायला आलेल्या माणसाला, आपल्याला फार माया दाटून आली म्हणून, परत पाठवू नका. मी दोन दिवस परत पाठवलं होतं. अम्माचा उजवा गुडघा त्या दिवसांचा हिशेब अजून ठेवून आहे.